मुळाक्षरं, दुसऱ्यांदा

३ मार्च

चि. धाकटीस दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तुमच्या लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आलाय आणि तू कुणाला त्याला हात लावू देत नाहीस, हे वाचून आई पोट धरून हसली. लहानपणी मी तुला माझ्या सायकलला हात लावू द्यायचो नाही, त्याचा सूड तू आता तिथल्या गरीब माणसांवर उगवतेस म्हणे.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तिला खुर्चीतून उठू देत नाहीत, पण हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत. ती सोडते, तुझी वहिनी ते पाळते आणि मी दोघींच्या मधे न येता स्टँड गाठतो. माइकवरचे दोघे जण रजेवर आहेत, त्यामुळे गेला दीड महिना दोन-दोन पाळ्या ओढतोय. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे दिवसभर ओरडायचं आणि घरी येऊन आडवं व्हायचं. ड्रायव्हर मंडळी मला भोंगा म्हणतात ते काही उगाच नाही.

एक बारीकसं गाऱ्हाणं आहे. वरची डावी दाढ ठणकत होती म्हणून आठ दिवसांपूर्वी काढून टाकली. दाढ गेली, ठणका मुक्कामाला राहिला. डावा गाल तर बधिर झालाय. दाढी करताना दुसऱ्याच कुणाच्या गालावरून वस्तरा फिरवतोय असं वाटतं. त्याच बाजूचं नाक चोंदलंय आणि रुमालाला काळपट डाग पडतात. वहिनी म्हणते, गाड्यांचा धूर. मलाही तेच वाटतं. तहान मात्र अशी लागते की पाण्याची बाटली माइकच्या शेजारीच ठेवावी लागते.

आता तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. साखरेच्या गोळ्या जानेवारीत संपल्या. दोन पाळ्यांच्या धबडग्यात आणायच्या राहिल्या, आणि बरंही वाटत होतं. सोमवारपासून नक्की.

कळावं. माया आहे तेवढीच असू दे, बोलणी थोडी कमी कर.

तुझा,
दादा


१७ मार्च

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. आईला एकटं ठेवून तू नऊ दिवस इथे राहिलीस, आता तिथलं बघ. इथे मी आहे. दादाचा ताप उतरलाय. काल त्याने पाटीवर लिहून मला विचारलं की मला नोकरीवरून काढलंय का, सारखी त्याच्या उशाशीच दिसते म्हणून. म्हणजे माणूस ताळ्यावर येतोय.

जाताना तू विचारलंस की त्याच्या पत्रात मला एवढं काय दिसलं. तेव्हा माझी जीभ वळली नाही. आता लिहिते.

पाच तारखेला डबा खाताना पत्र उघडलं. सायकलचं वाचून हसले. मग गाल बधिर, एका बाजूचं नाक चोंदलेलं, काळा डाग, तहान, आणि दोन महिने गोळ्या बंद. घास तसाच डब्यात ठेवला. यातलं एकेक सुटं असतं तर मीही धूर म्हणाले असते. साखर वाढलेल्या माणसात हे सगळं एकत्र आलं की आम्ही एकाच गोष्टीला घाबरतो. ती एक बुरशी आहे, वहिनी. शिळ्या भाकरीवर धरते ना, तिच्याच जातीची. मातीत असते, हवेत असते, तुझ्यामाझ्या नाकात रोज जाते आणि शरीर तिला वाटेला लावतं. साखर बेसुमार वाढली की शरीराचा पहारा ढिला पडतो आणि तिला तिथेच खायला मिळतं. मग ती रक्ताच्या नळ्यांत शिरते आणि पुढचा भाग काळा पडून मरतो. नाकातून टाळू, टाळूतून डोळा, डोळ्यातून मेंदू. आठवडे लागत नाहीत, दिवस लागतात. उत्तर लिहीत बसले असते तर उत्तर वाचायला कुणी राहिलं नसतं.

बाराची गाडी पकडली. चार तासांनी तुमच्या स्टँडवर उतरले तेव्हा भोंग्यातून त्याचाच आवाज येत होता. तसाच खणखणीत, फक्त सर्दी झाल्यासारखा. मी केबिनमध्ये जाऊन त्याला आ करायला लावला आणि बॅटरी मारली. टाळूवर डाव्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग होता. मी म्हटलं, ऊठ. तो म्हणाला, पाळी संपायला दोन तास आहेत. मी म्हटलं, तू उठला नाहीस तर मी तुझ्या माइकवरून रडेन, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल. मग उठला. पण निघण्याआधी आमच्याच गाडीची घोषणा करून उठला.

रात्री इथे पोचल्या पोचल्या त्याच्या नाकातला तुकडा काढला आणि तो माझ्याच टेबलावर आला. दुसरं कुणी बघायला तयार होतं, मी दिलं नाही. रुंद, फितीसारखे वेडेवाकडे धागे, काटकोनात फुटलेल्या फांद्या. वीस वर्षांत तीन वेळा पाहिलेत. पाहिलं, लिहिलं, सही केली आणि कागद घेऊन सर्जनकडे धावले. सर्जननी सकाळची वाट न बघता लगेच ऑपरेशन घेतलं. पुढचं तुला माहीत आहे. वरचा डावा जबडा आणि अर्धी टाळू गेली. डोळा मात्र वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर तोही काढावा लागला असता, असं त्या म्हणाल्या.

ते पिवळं औषध अजून रोज शिरेतून चालू आहे. त्याने हुडहुडी भरते, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रोज रक्त तपासतो. साखर इन्सुलिनने ताब्यात आली आहे. आईला एवढंच सांग की तिचा मुलगा हट्टी आहे, आणि या वेळी ते कामाला आलं.

लोभ तर आहेच, त्यात आता थोडा धीरही धर.

तुझी,
धाकटी


१२ मे

प्रिय वन्संबाईंना वहिनीचा नमस्कार.

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम. चिडलीस तर लवकर उत्तर येतं.

तुझा दादा घरी येऊन सतरा दिवस झाले. साखरेचं म्हणशील तर मी जमादारासारखी उभी असते. चार वेळा बोट टोचणं, चार वेळा सुई, वहीत आकडा. उपाशीपोटीची शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही. त्या बाबतीत माणूस एकदम सरळ झालाय. पण बोलत नाही गं. तिथून बसवून दिलेली टाळूची पट्टी टोचते म्हणून खणात टाकलीय. पट्टी नसली की पाणीसुद्धा नाकातून येतं. म्हणून जेवायला भिंतीकडे तोंड करून बसतो. आईंनी काल आपली खुर्ची त्याच्या आणि भिंतीच्या मधे ओढून घ्यायला लावली आणि सांगितलं की मी तुला पहिला घास भरवलाय तेव्हा तो नाकातोंडातूनच यायचा, आता लाजतोस कुणाला. तेव्हा जरा हसला.

शेजारच्यांनी आठवडाभर दार लावून घेतलं होतं. त्यांना वाटलं, लागट आहे. तू सांगितलं होतंस तसं मी जाऊन सांगितलं की ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जात नाही, आणि शेजारीणबाईंना स्वतःला साखर आहे तर त्यांनी दारापेक्षा रक्त तपासून घ्यावं. दार उघडलं. तपासलंही.

डेपोतून साहेब येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, माइक जमणार नाही तर पार्सल खात्यात या. तुझ्या दादाने मान डोलावली. ते गेल्यावर त्याने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मी वाचायच्या आत पुसलं. तेवीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यापासून पहिल्यांदा काही पुसलं. बडबड्या नवऱ्याला मी आयुष्यभर गप्प बस म्हणत आले, त्याची शिक्षा मला अशी नको होती.

तूच काहीतरी कर. तुझं तो ऐकतो.

पत्राची वाट बघते. राग असो की लोभ, दोन्ही चालेल.

तुझी,
वहिनी


१६ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

मी हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा शिरसाष्टांग वगैरे पुढच्या वेळी.

पट्टी खणाला बसवायला दिली नव्हती. टोचते तर घासून घ्यायची. चप्पल चावली म्हणून तू कधी पाय घरी ठेवून गेलास का? मी इथल्या टाळूवाल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. ऑपरेशनने तोंडात पडलेली भोकं बुजवायच्या पट्ट्या बनवणं हेच त्यांचं काम. मेणाचा ठसा घेतात, साचा करतात, आणि कानसीने घासत बसतात. सोनार बरा, इतक्या किरकिऱ्या आहेत. त्यांनी तुझे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, जखम पक्की भरेपर्यंत दर थोड्या दिवसांनी पट्टी बदलावी लागेल, माणसाकडे चिकाटी आहे का? मी म्हटलं, चिकाटीचं माहीत नाही, हट्ट भरपूर आहे. त्या म्हणाल्या, चालेल.

तू पाटीवर काय लिहून पुसलंस ते मी विचारणार नाही. मला एवढंच सांगायचंय. तुझी स्लाइड मी वाचली. ज्यांच्या स्लाइडवर ते धागे दिसतात त्यांतले कितीतरी जण घरी जात नाहीत. तू गेलास. तेव्हा पार्सलांवर नावं लिहीत गप्प बसायचं असेल तर बस, पण ते तुला आवडतं म्हणून बस, भोकापुढे हरून नको.

मंगळवारी सकाळी अकराला त्यांनी वेळ दिली आहे. मी फलाटावर उभी असेन.

ओरडा संपला. खाली मायाच आहे, खणून बघ.

तुझी,
धाकटी


२८ ऑगस्ट

चि. धाकटीस दादाचे अ. उ. आ.

तिसरी पट्टी बसली. या वेळी टोचत नाही. बाईंनी ती एका बैठकीत अकरा वेळा घासली आणि अकरा वेळा मला पाणी प्यायला लावलं. अकराव्यांदा थेंबही नाकात आला नाही. त्यांनी कानस खाली ठेवली आणि स्वतःच उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आता आवाजाचं सांगतो. पन्नाशीला आलेला माणूस मुळाक्षरं शिकतोय. बाईंनी मला आधी शिकवलं की टाळूला भोक पडलं की काय होतं. तोंडात कोंडायची ती हवा नाकातून पळते. मग प म्हणायला जावं तर म निघतो, ट चा ण होतो, क चा ङ. म्हणजे प्रत्येक वर्गातली पहिली चार अक्षरं गैरहजर आणि पाचवं, नाकातलं, तेवढं हजर. मला शाळेत ङ कशासाठी असतो ते कधी कळलं नव्हतं. आता सहा महिने त्याच्याच जिवावर काढले.

तुला म्हणून सांगतो, पाटीवर मी काय लिहिलं होतं ते. इस्पितळातून आल्यावर मी एकदा एकटाच खोलीत बसून नेहमीची घोषणा म्हणून पाहिली. गाडीची ङाणी झाली आणि फलाटाचा मलाण. दादा म्हणायला गेलो तर नाना ऐकू आलं. साहेब आले त्या दिवशी मी लिहिलं होतं, मी कोण आता. मग वाटलं, हे वहिनीने वाचलं तर ती दोन दिवस जेवणार नाही, म्हणून पुसलं.

रोजचा अभ्यास असा. नाकाखाली छोटा आरसा धरायचा आणि प म्हणायचं. आरशावर वाफ धरली तर नापास. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली तर पास. आई खुर्चीतून गुण देते. ती भयंकर कडक आहे. फ ला तिने मला नऊ दिवस नापास केलं, दहाव्या दिवशी कागद हातातून उडाला तेव्हा म्हणाली, बरा होता. प, फ, ब, भ आले. त, थ, द, ध आले. मागच्या आठवड्यात वहिनीला हाक मारली तर ती स्वयंपाकघरातून ओ देत आली आणि दारातच थांबली. तिला बाहेरून कुणी आलंय असं वाटलं होतं. मग तिने मला आणखी दोनदा हाक मारायला लावली. काम काहीच नव्हतं.

ट आणि ड अजून त्रास देतात. स्टँडवरच्या गोंगाटात तर माझं काही कळत नाही. पार्सल खातं बरं आहे. पार्सलं उलटून विचारत नाहीत.

साखर उपाशीपोटी एकशे आठ. ओरडायला जागा ठेवलेली नाही.

पत्र लिहीत जा, म्हणजे मोठ्याने वाचायला मला काहीतरी मिळतं.

तुझा,
दादा


२१ नोव्हेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

घाईत लिहितोय. हे तुला पोचेल तोवर जे व्हायचं ते झालं असेल, पण हातांना काही काम हवं.

आज सकाळी साडेनऊला पार्सल खात्यातला फोन वाजला. मी फोन घेत नाही, तुला माहीत आहे. समोर माणूस दिसत असला की तो माझे ओठ बघून निम्मं समजून घेतो, फोनवर नुसता आवाज. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि घंटा थांबेना. घेतला.

तुमच्याकडच्या डेपोतून लांबू बोलत होता. आमचा जुना ड्रायव्हर, साडेसहा फुटी. सकाळची गाडी घेऊन तिकडे आलेला. म्हणाला, बदली ड्रायव्हर पाठवा, मला परतीची गाडी आणवत नाही, चार दिवसांपासून डावीकडचं डोकं आणि दात ठणकतायत. आता कुणाकडून तरी दात काढून घेतो आणि झोपतो. मी काही बोलायच्या आत तो गमतीने म्हणाला, गाल असा झालाय की डास चावला तरी कळायचं नाही.

धाकटे, मी फोन दोन्ही हातांनी धरला. लांबूला साखर आहे. आम्ही दोघं मिळून गोड चहा ढोसायचो आणि गोळ्या विसरायचो. तो फोन ठेवणार, एवढ्यात मी बोललो. शब्द मोजून बोललो, एकेक अक्षर टाळूला टेकवून. म्हटलं, थांब. दात काढू नकोस. झोपू नकोस. रिक्षा कर आणि माझ्या बहिणीच्या हॉस्पिटलात जा, पॅथॉलॉजीत तिला विचार, आणि साखर आहे हे आधी सांग. पलीकडून डेपोचा गोंगाट तेवढा आला. मला वाटलं, काहीच कळलं नाही त्याला, नुसता ङ-ण ऐकतोय. मग तो म्हणाला, पॅथॉलॉजी कितव्या मजल्यावर?

त्यानंतर मी तुमच्याकडे फोन लावतोय, लागत नाही. दुपारी लागला तेव्हा कळलं की तू ऑपरेशन थिएटरमध्ये नमुना घ्यायला गेली आहेस. कुणाचा, ते सांगेनात.

काय असेल ते कळव. आईसुद्धा आज गुण द्यायचं विसरली.

तुझा,
दादा


२४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मागच्या वेळचं शिरसाष्टांग बाकी होतं, ते आज घातलं.

फोनवर तुला परवा एवढंच सांगता आलं की लांबू आहे आणि ठीक आहे. आता सविस्तर.

तो साडेदहाला माझ्या दारात उभा राहिला, चौकटीला डोकं आपटून. म्हणाला, भोंग्याने पाठवलंय. साखर चारशे चाळीस. टाळू गुलाबी, पण नाकात आत एक करडा ठिपका. नमुना दुपारी माझ्या टेबलावर आला. तेच धागे, दादा, तेच काटकोन. फक्त या वेळी ते दाराशीच सापडले. सर्जननी नाकातून दुर्बिणीने तेवढा भाग खरवडून काढला. जबडा शाबूत, टाळू शाबूत, डोळा शाबूत. पिवळं औषध चालू आहे, हुडहुडी भरली की पलंग हलतो कारण तो पलंगाबाहेर दीड फूट आहे. सर्जनबाई म्हणाल्या, एवढ्या लवकर आलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही. मला विचारलं, कुठल्या डॉक्टरने पाठवलं. मी म्हटलं, पार्सल क्लार्कने.

काल मी लांबूला विचारलं की दात ठणकत असताना एका फोनवर विश्वास ठेवून तू शहराच्या दुसऱ्या टोकाला कसा आलास. तो म्हणाला, ताई, गेली अकरा वर्षं तो आवाज निघा म्हणाला की मी गाडी काढतो. मी विचारलं, आवाज बदललेला वाटला नाही? त्याने विचार केला. म्हणाला, थोडा हळू बोलला. मला वाटलं, माझ्या दुखण्याची काळजी वाटून हळू बोलतोय.

त्याला तुझ्या ऑपरेशनचं माहीत होतं, दादा. पट्टीचं माहीत नव्हतं. त्याला पलीकडे तूच ऐकू आलास.

मी तिथून उठून लॅबमध्ये आले आणि कुणाला तरी नव्या मायक्रोस्कोपला हात लावू दिला. एवढी खूश होते.

आणि साहेबांशी मी परस्पर बोलले आहे. रागावलास तरी हरकत नाही, स्पष्ट शब्दांत रागाव.

तुझी,
धाकटी


१२ जानेवारी

चि. धाकटीस दादाचे अनेक, अगदी पोतंभर, आशीर्वाद.

काल सकाळी सहाच्या पाळीला माइकवर बसलो.

साहेबांनी आठ दिवस रिकाम्या स्टँडवर चाचणी घेतली होती. ते स्वतः शेवटच्या फलाटावर उभे राहून हात वर करायचे, कळलं तर उजवा, नाही तर डावा. शेवटच्या दिवशी डावा हात खिशातच होता. काल मात्र खरे प्रवासी, खरा गोंगाट. वहिनी घरची कामं टाकून बाकावर बसली होती, प्रवाशासारखी, पिशवीबिशवी घेऊन. लांबू अजून सुट्टीवर आहे, तोही आला. आईला चार ड्रायव्हरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. तिने वाटेत सगळ्यांना नीट धरा म्हणून सुनावलं.

पहिली गाडी सव्वासहाची. मी बटण दाबलं, पट्टी जिभेने चाचपली, आणि एका दमात गाडी, गाव, वेळ, फलाट सांगून टाकलं. एकही ङ नाही. ट खणखणीत. बटण सोडलं आणि काचेतून पाहिलं तर चाळीसेक माणसं आपापल्या पिशव्या उचलून धावत निघालेली. सगळी सात नंबरकडे. गाडी उभी दोन नंबरला.

घाबरून मीच चुकीचा फलाट सांगितला होता. पुन्हा बटण दाबलं, माफी मागितली, बरोबर आकडा सांगितला. सगळी मंडळी तशीच वळली आणि माझ्या नावाने बोटं मोडत दोन नंबरकडे पळाली. एक आजोबा तर काचेपाशी येऊन मला चांगलं झाडून गेले. साहेब केबिनच्या दारात उभे होते. मला वाटलं, आता पार्सल खातं. ते म्हणाले, चाळीसच्या चाळीस माणसं चुकीच्या जागी गेली, एकालाही दुसऱ्याला विचारावं लागलं नाही. आणि सही करून गेले.

वहिनी बाकावरून उठलीच नाही. दुपारी दोनपर्यंत तिथे बसून तिने प्रत्येक गाडी ऐकली.

साखर सकाळी एकशे दोन. नवी पट्टी मार्चमध्ये. तू ये, चारला पोचणाऱ्या त्याच गाडीने; पुढच्या आठवड्यापासून माझी दुपारची पाळी आहे. फलाट विचारू नकोस, ऐकू येईल.

तुझा,
दादा